बैलाचा पाय नेमका वाकतो कुठून?

मागच्या अंकात पोळ्याच्या निमित्तानं रोझा बोनर या फ्रेंच चित्रकार बाईच्या नांगरणीच्या चित्राचा छोटा फोटो छापला होता. खाली दोनच ओळी होत्या, की ही बाई एकोणिसाव्या शतकात बाजारात, गोठ्यात, कत्तलखान्यात उभी राहून जनावरं समोर बघून काढायची. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले बाप्पा, की यावेळी बाकीचे प्रश्न (फ्रेम कुठे करायची, ऑइल पेंटचा वास घरातून कसा घालवायचा वगैरे) बाजूला ठेवले आणि सगळा अंक बैल, घोडे आणि रोझाबाईंना देऊन टाकला.

प्रश्न : मॅडम, मी फाइन आर्टच्या सेकंड इयरला आहे. सरांनी जनावरांच्या लाइव्ह स्टडीज, म्हणजे समोर बघून काढलेली सरावाची चित्रं, मागितल्यात. क्लासमधले सगळे पोट्टे नेटवरून फोटो घेऊन करून टाकतात पण मला खरंच बैल काढायचेत. मैत्रिणीला घेऊन बैलबाजारात गेले तर दहा मिनिटात भोवती ही गर्दी, कोणी म्हणे माझा फोटो काढ, कोणी म्हणे नंबर दे, शेवटी वही बंद करून परत आलो. आई म्हणते आता घरीच काय काढायचं ते काढ. ती रोझा पॅन्ट घालून बाजारात जायची असं वाचलं, ते खरं आहे का? आणि मी काय करू?
— विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : खरं आहे. त्या काळी पॅरिसमध्ये बाईला पुरुषी कपडे घालून बाहेर पडायचं तर पोलिसांचा परवाना लागायचा, १८०० सालचा हुकूम होता तसा. रोझाच्या नावाचा १८५७ चा परवाना प्रसिद्ध आहे. त्यात कारण दिलंय तब्येतीचं, मुदत सहा महिने, आणि अट अशी की या कपड्यात नाटकाला, नाचाच्या समारंभाला असल्या ठिकाणी दिसायचं नाही. म्हणजे घोड्यांच्या आणि कसायांच्या गर्दीत जा, पण थिएटरात नको. सरकारी कागद कुठल्याही देशाचा असो, वाचून हसूच येतं.

पण पोरी, त्या पॅन्टचं इतकं कौतुक होतं की ती पॅन्ट घालून बाई करायची काय हे कोणी सांगतच नाही. तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र म्हणजे घोडेबाजाराचं, १८५३ च्या पॅरिसच्या सालोंमध्ये लागलं (सालों म्हणजे तिथलं मोठं सरकारी प्रदर्शन), नंतरही त्याच्यावर हात फिरवत राहिली ती १८५५ पर्यंत. आठ फूट उंच आणि साडेसोळा फूट लांब, म्हणजे तुमच्या घराच्या हॉलची एक अख्खी भिंत, त्यात मधोमध उधळलेले घोडे, त्यांना आवरणारी माणसं, मागे झाडांची रांग आणि डावीकडे लांब साल्पेत्रिएर हॉस्पिटलचा घुमट. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, व्हँडरबिल्ट नावाच्या श्रीमंतानं १८८७ मध्ये विकत घेऊन देऊन टाकलं. तर या चित्रासाठी ती पॅरिसमधल्या खऱ्या घोडेबाजारात आठवड्यातून दोनदा जायची, आणि असं दीड वर्ष. पुरुषी कपडे कशासाठी, तर कोणी आपल्याकडे बघू नये म्हणून, आणि घोड्याच्या शेणामुतात घागरा सांभाळत कोण उभं राहणार हा हिशोबही असणारच. म्हणजे तुझी जी तक्रार आहे तीच तिची होती, दीडशे वर्षांवर होऊन गेली फक्त.

आता तू काय करायचं. पॅन्ट तर तू घालतेसच, त्यासाठी पोलीस स्टेशनला जायची गरज नाही. तुझी गडबड अशी झाली की तू पहिल्याच दिवशी बाजाराच्या मधोमध वही उघडून बसलीस. पहिल्या खेपेला वही बॅगेतच ठेव. कोणीतरी ओळखीचं गाठ, तुझे काका, मामा, गावचा कोणी दलाल, आणि त्यांच्याबरोबर नुसती फिर आणि ते बैल कसा बघतात ते बघ. बैल घेणारा माणूस जसा बैल बघतो तसा आपल्यातला कोणी चित्रकार बघत नाही, हे मी छातीठोक सांगते. आधी तोंड उघडून दात बघेल, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलाय (म्हणजे सगळे दात आलेत). मग मागे जाऊन दोन्ही मागचे पाय एका रेषेत पडतात का बघेल, खूर उचलून खालून बघेल, वशिंडावर हात टाकेल, खांद्यावर जुवाचा घट्टा पडलाय का चाचपेल, आणि शेवटी मालकाला म्हणेल, जरा चालवून दाखव. तिथपर्यंत पैशाची गोष्ट निघत नाही, आणि निघाली की रुमालाखाली बोटं धरून, किंमत खुणेनंच. हे सगळं बघितलंस की तुझ्या स्टडीजची यादी आपोआप तयार होते बघ : तोंड समोरून, मागचे पाय मागून, खूर खालून, खांदा बाजूनं, आणि चालणं.

दुसऱ्या खेपेला एका मालकाजवळ जा आणि सरळ विचार, काका, तुमचा बैल काढू का. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि एकदा हो म्हटलं की मग गर्दीला हाकलायचं काम तेच करतात, तुला काही बोलावं लागत नाही. झाल्यावर त्यांना कागद दाखवायचा. ते चुका काढतील, काढू दे. ‘याचं शिंग एवढं मागं नाही’ असं बैलाचा मालक म्हणाला तर ते तुझ्या सरांच्या शेऱ्याच्या वरचं आहे. आणि त्याच बाजारात परत परत जा, बाजार बदलू नको. दर खेपेला तीच माणसं दिसली की तू तमाशा राहत नाहीस, चित्रं काढणारी पोरगी होतेस. दीड वर्ष जा असं म्हणत नाही, तुझं सबमिशन आहे. पण आईला सांग की मैत्रीण किंवा भाऊ सोबत असेल, उजेडात जाऊन उजेडात परत येशील. आईचं म्हणणंही काही चुकीचं नाही, आणि एखाद्या ठिकाणी वातावरणच खराब वाटलं तर खुशाल उठून ये, चित्रापायी तिथे थांबायची काही गरज नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सातवीत आहे. त्याला चित्रकलेची आवड आहे म्हणून क्लास लावला. पण गेला महिनाभर तो फक्त बैलाचा मागचा पायच काढतोय. पानंच्या पानं पाय! पूर्ण चित्र एकही नाही. क्लासच्या सरांनी अपूर्ण म्हणून मार्क कमी दिले. तो म्हणतो पाय नेमका वाकतो कुठून तेच कळत नाहीये. त्याला समजवा.
— एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, त्याला काय समजवू, मला तर त्याचा प्रश्नच या अंकाला हेडिंग म्हणून घ्यायचा होता आणि घेतलाही. त्या पोराला योग्य जागी अडचण आलीय, निम्मे लोक तिथे अडतच नाहीत, चार खांब काढून वर पोट ठेवून देतात.

त्याला असं सांगा. बैलाच्या मागच्या पायात मधोमध जो कोपरा मागच्या बाजूला निघालेला दिसतो, त्याला आपण गुडघा समजतो आणि म्हणतो अरे हा उलटा कसा काय वाकतो. तो गुडघा नाहीच. ती टाच आहे. बैल आपल्यासारखा तळपाय टेकवून चालत नाही, तो बोटांच्या टोकांवर उभा असतो, खूर म्हणजे त्याच्या दोन बोटांची नखं, आणि टाच वर अधांतरी. खरा गुडघा पोटाच्या कडेला, जांघेच्या पुढे असतो, कातडीत झाकलेला, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायाचंही तसंच, मधे जो गुडघा वाटतो ते मनगट आहे, कोपर तिकडे वर छातीला चिकटून. त्याला म्हणावं जमिनीवर हातपाय टेकवून रांग, मग टाचा उचल, आणि आता आरशात बघ. हसेल, पण पाय त्याच दिवशी सुटेल.

अजून एक गंमत दाखवा त्याला, पुढच्या पायाचा सांगाड्याशी हाडाला हाड असा जोडच नसतो, कारण जनावराला आपल्यासारखं गळ्याजवळचं आडवं हाड नाही. सगळं धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. म्हणून बैल चालताना खांद्याचं हाड कातडीखाली वरखाली सरकताना स्पष्ट दिसतं आणि वशिंड जरा डुलतं. उभ्या बैलाचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचे पाय सरळसोट आणि मागचे कोपऱ्याकोपऱ्याचे, ढकलायला तयार असलेले. आणि खुराच्या मागे वर दोन छोटी खुरं लटकतात ती विसरायची नाहीत, सगळे विसरतात.

रोझाबाईंनी हेच केलं होतं. कत्तलखान्यात जाऊन स्केचेस, पॅरिसजवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात जाऊन चिरफाडीतून हाडं स्नायू बघणं, मग त्याच पायाची पुन्हा पुन्हा स्टडी. लहानपणी अक्षरं काही डोक्यात शिरत नव्हती तर आईनं युक्ती केली, प्रत्येक अक्षराला एक प्राणी काढ म्हणाली, तशी ती वाचायला शिकली. ती आई रोझा अकरा वर्षांची असताना गेली. शाळांमधून काढून टाकलेली पोरगी होती ती, शिवणकाम शिकायला पाठवलं तर तिथेही टिकली नाही, मग बापानं, तो स्वतः ड्रॉइंग मास्तर होता, हाताशी घेतलं आणि बसवलं. घरात सशापासून मेंढीपर्यंत सगळं पाळलेलं, वरच्या मजल्यावर राहायचे तरी बाल्कनीत मेंढी! १८४१ मध्ये ती पहिल्यांदा सालोंमध्ये आली तेव्हा चित्रांपैकी एक होतं गाजर खाणारे दोन ससे. एकोणीस वर्षांची होती.

सरांशी भांडू नका, त्यांना क्लास चालवायचाय आणि परीक्षेत पूर्ण चित्रच मागतात. आठवड्यातलं एक चित्र सरांसाठी पूर्ण करायचं, बाकी वही पायांची. त्या वहीला कोणी मार्क देऊ नये आणि घरच्यांनी पाहुण्यांना दाखवूही नये. स्टडी दाखवायची म्हटलं की पोरं ती छान दिसावी म्हणून घोटत बसतात, आणि मग बघणं राहून जातं.

प्रश्न : नमस्कार. बँकेतून रिटायर झाल्यावर स्केचिंग सुरू केलं. तुम्ही छापलेल्या नांगरणीच्या चित्रातले बैल मला काही आपले वाटले नाहीत, पाठ एकदम सपाट. हे चित्र खरंच समोर बघून केलंय की स्टुडिओत? आणि एक खाजगी शंका, ६६ व्या वर्षी हात बसतो का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : काका, पाठ सपाटच असते तिथल्या बैलांची, युरोपातल्या गुरांना वशिंड नसतं. ते चित्र फ्रान्सच्या निव्हर्ने प्रांतातलं, १८४९ चं, सरकारनं सांगून काढून घेतलेलं, आज पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. दोन नांगर, प्रत्येकाला सहा सहा बैल, पांढरट शारोले जातीचे. आपला विदर्भातला गवळाऊ हलक्या अंगाचा, पायानं चपळ, आणि ते म्हणजे नुसते मांसाचे ठोकळे. माणसं त्या चित्रात आहेत पण नसल्यासारखी, टोप्या आणि काठ्या तेवढ्या दिसतात. मधला एक पांढरा बैल मात्र डोळा तिरका करून थेट आपल्याकडे बघतो. आणि पुढे उलटलेल्या मातीची ढेकळं आहेत, ती बघा एकदा मोठी करून, नांगराच्या फाळानं कापलेली कड एका बाजूला गुळगुळीत, ओलसर, आणि दुसरी बाजू भुसभुशीत. खोलीत बसून अशी माती सुचत नाही कोणाला.

समोर बघून की स्टुडिओत, तर दोन्ही. साडेआठ फूट लांब कॅनव्हास शेतात घेऊन कोणी उभं राहत नव्हतं. बाहेर छोट्या कागदांवर स्टडी, एकेका बैलाचं डोकं, मान, खूर, जमीन, आणि मग ते सगळं स्टुडिओत आणून त्यावरून मोठं चित्र, त्या काळी बहुतेकांची रीत हीच. काही जण त्या स्टडीतही हवामान खात्यासारखी नोंद ठेवायचे, इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल नावाचा चित्रकार १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांच्या स्टडी करत होता आणि मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय ते लिहायचा. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे आवडेल. जूनमध्ये गच्चीवर बसा, ढग नागपूरला काही कमी पडत नाहीत, पाऊस पडो न पडो.

आणि हाताचं म्हणाल तर १८८९ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं तेव्हा अमेरिकेतून बफेलो बिल त्याचा घोडे आणि रानगव्यांचा खेळ घेऊन आला होता, आणि रोझाबाई त्या तंबूंमध्ये फिरून गवे, घोडे, तिथले रेड इंडियन लोक यांची स्केचेस करत होत्या. त्यातूनच पांढऱ्या घोड्यावरचं बफेलो बिलचं चित्र आलं. तेव्हा त्यांचं वय ६७. तुमच्या हातात अजून एक वर्ष शिल्लक आहे.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढून घरी आरामात चित्र केलं तर चालतं का? जनावर हलतं हो!
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : चालतं. पण फोटो बाजूला ठेवून आधी एक गोष्ट ऐका. १८७८ पर्यंत सगळे चित्रकार धावणारा घोडा काढताना चारही पाय पुढेमागे ताणून हवेत उडवायचे, झेरिको या फ्रेंच चित्रकाराचं १८२१ चं एप्सम डर्बीचं, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र बघा, घोडे अगदी चटईसारखे पसरलेत. मग मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं अमेरिकेत ओळीनं कॅमेरे लावून घोड्याचे फोटो घेतले आणि निघालं भलतंच, चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. फ्रान्समध्ये मेसोनिए नावाचा चित्रकार होता, घोड्यांच्या बाबतीत फार काटेकोर, त्यानं तर घराच्या आवारात रूळ टाकून घेतले होते, गाडीत बसून धावत्या घोड्याच्या शेजारून जात स्केच करता यावं म्हणून! एवढं करूनही डोळा चकायचाच, म्हणून पुढे मायब्रिजची त्यानंच पॅरिसमध्ये सरबराई केली.

तर कॅमेऱ्याला जे दिसतं ते डोळ्याला दिसत नाही हे कबूल. पण उलटंही आहे. मोबाइलची लेन्स जवळच्या वस्तू मोठ्या करते, बैलाचं तोंड जवळून काढलं तर फोटोत डोकं भोपळ्याएवढं आणि मागचं अंग उंदराएवढं येतं, आणि लोक तसंच्या तसं उतरवून काढतात, मला लांबूनच कळतं. वर कडक उन्हात पोटाखालची सगळी सावली फोटोत काळीकुट्ट होते, प्रत्यक्षात तिथे जमिनीवरून उसळलेला तांबूस उजेड असतो. आधी समोर बसून दहा मिनिटं काढा, मग फोटो घ्या, आणि घरी फोटो फक्त अडेल तिथे उघडा.

हलण्याचं म्हणाल तर जनावर हलतं पण परत त्याच पोझमध्ये येतं. एकाच पानावर तीन चार सुरुवाती करून ठेवायच्या, मान वर, मान खाली, मान वळलेली, आणि ते जिकडे जाईल त्या चित्रावर आपण जायचं. चालण्याचा क्रम पाठ करून ठेवा, डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. चालता बैल मागचं खूर जवळजवळ त्याच बाजूच्या पुढच्या खुराच्या ठशावर टाकतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धवट दिसलेलं पूर्ण करता येतं.

प्रश्न : ताई मी शेतकरी माणूस, चित्रातलं काही समजत नाही मला. पण आमच्याकडे खताच्या दुकानाचं कॅलेंडर हाये त्यावर बसलेला बैल उठताना दाखवला, पुढचे पाय आधी उभे केलेले अन् मागचं बूड जमिनीवर. असा बैल म्या जन्मात नाही पाहिला. चित्र काढणाऱ्यानं बैल पाह्यला होता का?
— एक वाचक, कुही तालुका

उत्तर : भाऊ, नव्हता पाहिला. त्यानं घोडा पाहिला असणार, किंवा कुत्रा. घोडा पुढचे पाय आधी टेकवून उठतो, गाय-बैल मागचं अंग आधी उचलतात आणि पुढे काही क्षण गुडघ्यांवर राहतात (वर त्या पोराच्या आईला मी मनगट म्हटलंय, पण गुडघ्यांवरच म्हणू, तुम्ही माझ्यावर हसाल). बसतानाही पुढचे गुडघे आधी टेकतात. तुम्ही जे एका नजरेत पकडलं ते पकडायला चित्रकाराला गोठ्यात बसावं लागतं. माझी विनंती, तुमच्याकडे कोणी पोट्टं वही घेऊन आलं तर त्याला गोठ्यात बसू द्या, आणि चुकलं तर असंच तोंडावर सांगा.

प्रश्न : पेन्सिलचं स्केच पुसट होतं, पान पानाला घासून काळं होतं. काही उपाय? महागडं नको.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : फिक्सेटिव्हचा स्प्रे मिळतो, तो परवडत नसेल तर मधे बटर पेपर घाला, झालं. पोट्टे हेअर स्प्रे मारतात, चालून जातं पण पुढे कागद पिवळा पडू शकतो, कच्च्या कामाला ठीक. व्हॅन गॉग हेगमध्ये असताना, १८८२ च्या सुमारास, पेन्सिलीच्या चित्रावर दुधात पाणी घालून ओतायचा, त्यानं पेन्सिलची चमकही मरायची आणि रेघही बसायची. तो सुताराची जाड पेन्सिल वापरायचा, ती मात्र जरूर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि चपट्या टोकानं बैलाची पाठ एका ओढीत येते. दुधाचा प्रयोग नागपुरात करू नका. मुंग्या येतील, आणि पावसाळ्यात बुरशी.

प्रश्न : हे सगळं युरोपचं झालं. आपल्याकडे त्या काळात समोर बघून काढणारं कोणी नव्हतंच का? की आपण फक्त देवदेवताच काढत होतो?
— एक वाचिका, महाल

उत्तर : होते की. शतक जरा आधीचं आहे पण पुण्यात गंगाराम तांबट म्हणून होता, इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाठी काम करायचा, त्यानं १७९० च्या सुमारास पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर बघून काढलाय, आखाड्यातले पैलवानही काढलेत. ती चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शनिवारवाड्यात तेव्हा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली चित्रशाळासुद्धा निघाली होती.

मग १८५७ ला मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. तिथे १८६५ ते ७५ शिकवणारे लॉकवुड किपलिंग, त्यांना सरकारनं १८७० मध्ये देशी कारागिरांची चित्रं काढायला पाठवलं. विणकर, सुतार, नक्षीकाम करणारे, कामात गुंतलेले हात आणि बसायची पद्धत, पेन्सिल आणि शाईत, फार सुंदर आहेत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मला त्यातलं आवडतं ते बसणं, उकिडवं बसलेल्या माणसाचं वजन नेमकं कुठे पडतं हे युरोपातून आलेल्या माणसाला नव्यानं शिकावं लागलं असणार, त्यांच्याकडे कोण उकिडवं बसतं? जे. जे. चेच जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला चित्रांच्या नकला करत होते, त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे आपले लोक होते. आणि कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर, १८९० मध्ये जे. जे. ला आले, त्यांची माणसं बघा, बायकांच्या लुगड्याच्या निऱ्या, डोक्यावरची पाटी, पागोट्याचा पेच, ते सगळं रस्त्यावर बघितलेलं आहे. पण आपल्याकडे चित्रकारांच्या कच्च्या वह्या जपायची सवयच नाही हो. पूर्ण झालेलं पोर्ट्रेट दिवाणखान्यात लागतं आणि वह्या रद्दीत जातात.

तिकडे उलटं झालं. रोझाबाईंनी आपल्या स्टडीज जन्मभर सांभाळल्या, त्याच बघून काम करायच्या. १८९९ मध्ये त्या गेल्या आणि १९०० मध्ये पॅरिसला त्यांच्या स्टुडिओतल्या मालाचा लिलाव झाला, दोन हजारांवर वस्तू निघाल्या. ज्या बाईची मोठी चित्रं राजेरजवाडे बघत होते तिच्या घरात एवढे पाय, एवढी डोकी, एवढे खूर पडलेले होते हे लोकांना तेव्हा कळलं.

प्रश्न : येत्या रविवारपासून सुरू करायचं ठरवलंय. नागपुरात कुठे बसू? बैलबाजार लांब पडतो.
— एक वाचक, सदर

उत्तर : सदरला राहून विचारता? अजब बंगला तुमच्या दारात आहे, १८६३ पासूनचं म्युझियम, आधी तिथे जा. तिथली पेंढा भरलेली जनावरं हलत नाहीत आणि नंबर मागत नाहीत. फक्त पेंढा भरणाऱ्यानं स्नायू कुठे चुकीचे फुगवलेत तेही आपोआप उतरतं, म्हणून तिथे डोकं, शिंगं, खूर काढा, पोट सोडा. वहीला परवानगी लागते का ते गेटवर विचारून घ्या. हाडं बघायची असतील तर सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज करा.

जिवंत जनावर हवं तर सकाळी लवकर महाराजबाग, आणि त्याच्याही आधी आपल्याच रस्त्यावर बघा की. डिव्हायडरला बसून रवंथ करणाऱ्या गाई-म्हशी नागपूरकराला रोज शिव्या द्यायला लावतात, पण तासभर जागची न हलणारी मॉडेल फुकटात दुसरी कुठे मिळेल. गाडी आधी नीट लावा, डिव्हायडरवर बसू नका, फूटपाथवर बसा. रवंथ करताना खालचा जबडा आडवा फिरतो, वरखाली नाही. डोळ्याची बाहुली आडवी लांबट असते, गोल काढलीत की गाय माणसासारखी दिसायला लागते. कान शिंगाच्या खाली आणि किंचित मागे, तोही सतत हलतो, तो शेवटी काढा.

आणि पुढच्या पोळ्याला तोरणाखाली झुली, बेगड, घुंगुरमाळा घातलेले बैल काढायला सगळेच धावतात, तुम्ही आदल्या दिवशी जा. खांदेमळणीला बैल धुतलेला असतो, अंगावर काही नसतं, तूप-हळद लावायला मालक खांदा चोळत बसलेला असतो. अर्धा तास कोणी हलत नाही.

या वेळच्या वाचकांपैकी ज्यांना दाखवायच्या असतील त्यांनी स्टडीजचे फोटो पाठवा, मूळ कागद पाठवू नका, पोस्टात भिजतात. सातवीतल्या त्या पोराच्या पायांचं एक पान मात्र मला नक्की हवंय, त्याच्या आईनं त्याला विचारून पाठवावं.